मावशीचा रिपोर्ट आणि हर-टू नावाचा अँटेना

मी ई अँड टीसीची. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेली. त्यामुळे पेशी, प्रथिनं वगैरे मंडळींशी माझा संबंध दहावीच्या विज्ञान भाग दोननंतर संपला होता. तो पुन्हा जुळला तो गेल्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात, रात्री साडेदहाला आलेल्या एका फोनमुळे.

फोन मावशीच्या मिस्टरांचा, म्हणजे काकांचा. मावशीच्या स्तनातली गाठ ऑपरेशन करून काढली होती, ती कर्करोगाची निघाली होती, इतकं मला ठाऊक होतं. काका म्हणाले, "अगं, तू इंजिनीअरिंगला आहेस, इंग्रजी चांगलं आहे तुझं. रिपोर्टचा फोटो पाठवलाय, जरा वाचून सांग." रिपोर्टच्या शेवटी तीन ओळी होत्या. पहिल्या दोन हार्मोन रिसेप्टरच्या, दोन्ही निगेटिव्ह. तिसरी ओळ : हर-टू, स्कोअर २ प्लस, अनिर्णित, फिश चाचणी करावी.

काकांचं म्हणणं असं, की दोन गोष्टी निगेटिव्ह आल्या म्हणजे चांगलंच झालं, आणि तिसरी चाचणी हा पैसे काढायचा धंदा आहे. चार आकडी खर्च आहे, शिवाय पुन्हा सुई टोचणार, नकोच ते. मला धड हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मी "उद्या सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या रूम पार्टनरची ताई पॅथॉलॉजीत एमडी करते. तिला त्या रात्री आणि नंतरही मी इतकं छळलं, की तीच म्हणाली, आता हे सगळं लिहून काढ, तेवढाच उपयोग. विषय कॉलेजच्या अंकात चालेल का, अशी शंका होती. पण मराठी विभागाच्या मॅडमनी "स्तन हा शब्द आहे तसाच लिही, आढेवेढे घेऊ नकोस" असं सांगितल्यावर प्रश्न मिटला.

आता मूळ मुद्दा. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ स्निग्ध पडद्यात बंद असते. बाहेर काय चाललंय हे आत कळायचं तर पडद्यातून आरपार जाणारं काहीतरी हवं. ते काम करणारी प्रथिनं म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर. मराठीत त्यांना ग्राही म्हणतात, पण मी रिसेप्टरच म्हणणार, कारण डोळ्यांसमोर रिसीव्हर येतो. एक टोक बाहेर, म्हणजे अँटेना. मधला छोटा तुकडा पडद्यात रुतलेला. दुसरं टोक आत, आणि तिथे सर्किट. बाहेरून संदेशाचा रेणू येऊन अँटेनाला चिकटला, की आतलं सर्किट चालू.

या संदेशांची गोष्ट मजेशीर आहे. स्टॅन्ले कोहेन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ नवजात उंदरांना लाळग्रंथींचा अर्क टोचत होते. उंदराच्या पिल्लाचे डोळे एरवी साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, पण या पिल्लांचे आठवड्यातच उघडले. दातही लवकर आले. त्या अर्कात त्वचेची वाढ घाईने घडवून आणणारं काहीतरी होतं. ते प्रथिन त्यांनी वेगळं काढलं, त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. १९८६ साली कोहेन यांना रिटा लेवी-माँटालचिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. ईजीएफ ज्या अँटेनाला चिकटतं तो ईजीएफआर, आणि त्याच्या घराण्यात एकूण चार भावंडं. पहिलं तेच, त्याला हर-वन म्हणतात. मग हर-टू, हर-थ्री, हर-फोर.

हे अँटेना एकेकटे काम करत नाहीत. संदेश मिळाला की दोघांची जोडी जुळते. मग आतली दोन टोकं एकमेकांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. त्या फॉस्फेटना पाहून दुसरी प्रथिनं येऊन बसतात, ती तिसऱ्यांना जागं करतात, आणि अशी रिलेची साखळी थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते. त्यातल्या दोन साखळ्या महत्त्वाच्या. एक सांगते "विभाजन कर", दुसरी सांगते "मरू नकोस". काम झालं की पेशी तो अँटेना आत ओढून घेते आणि मोडून टाकते, म्हणजे सिग्नल बंद. चालू करण्याइतकीच बंद करण्याचीही सोय आहे, हे लक्षात ठेवा.

हर-टू या घराण्यातला विक्षिप्त माणूस. त्याला स्वतःचा संदेश नाही. इतकी वर्षं शोधूनही त्याला चिकटणारा रेणू कुणाला सापडलेला नाही. बाकीची भावंडं जोडी जुळवायचा हात घडी घालून बसतात आणि संदेश मिळाल्यावरच तो उघडतात. हर-टूचा हात कायम पुढे केलेलाच. त्यामुळे ज्याला संदेश मिळाला असेल त्याचा तो आवडता जोडीदार. गंमत म्हणजे हर-थ्रीचं आतलं सर्किट जवळजवळ निकामी आहे, आणि हर-टूला कान नाही. एक बहिरा, एक मुका. पण दोघांची जोडी सगळ्यात जोरदार सिग्नल देते! शिवाय पेशी हर-टूला इतरांसारखं पटकन आत ओढून मोडत नाही, तो पृष्ठभागावर टिकून राहतो.

निरोगी शरीरात हा प्रकार अतिशय उपयोगाचा आहे. १९९५ साली उंदरांमधून हर-टूचं जनुक काढून टाकलं, तर पिल्लं जन्मालाच आली नाहीत. गर्भातच, दहा-अकराव्या दिवसाच्या सुमारास गेली, कारण हृदयाच्या आतल्या स्नायूंची जाळी तयारच झाली नाही. नसांवर जे इन्सुलेशन असतं (आपल्या वायरवर असतं तसंच), ते गुंडाळणाऱ्या पेशींनाही हर-टू आणि हर-थ्रीची जोडी लागते. थोडक्यात, हर-टू हा जन्मजात गुंड नव्हे. हृदयाचा मुद्दा पुढे परत येणार आहे.

मग बिघडतं कुठे? साधारण निरोगी पेशीवर हर-टूचे वीसेक हजार रेणू असतात. सतराव्या गुणसूत्रावर त्याचं जनुक, आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. काही गाठींमध्ये पेशी विभागताना चूक होते आणि त्या जनुकाच्याच प्रती वाढत जातात. दोनच्या दहा, वीस, कधी त्याहून जास्त. जितक्या प्रती तितकं उत्पादन, आणि पृष्ठभागावर वीस लाखांपर्यंत अँटेना उभे राहतात. मूळचेच हात पुढे करून उभे, त्यात एवढी गर्दी. मग संदेश येवो न येवो, ते आपसातच जोड्या जुळवतात. आत सतत "विभाजन कर, मरू नकोस" चालू.

आपल्या गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर नेला की जी कुईऽ होते, ती आठवा. इनपुट काहीच नाही, पण लूपचा गेन ठरावीक हद्दीपलीकडे गेला की अॅम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो. बार्कहाउसेनची अट वायवाला ज्यांनी पाठ केली आहे त्यांना हे पटकन समजेल. उपमा तंतोतंत नाही, इथे फीडबॅकपेक्षा गर्दीचा हात जास्त आहे. पण इनपुटशिवाय आउटपुट, हा दोष तोच.

हे कुणी शोधलं, याचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण एकाच जनुकाला तीन नावं पडली. अमेरिकेत एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठींमधून एक जनुक मिळालं, त्याला त्यांनी न्यू म्हटलं. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूतल्या जनुकाशी साम्य म्हणून दुसऱ्यांनी अर्ब-बी-टू म्हटलं. आणि जेनेनटेक कंपनीत अॅक्सेल उलरिच यांच्या गटाने माणसाचं जनुक वाचलं, त्याला हर-टू नाव दिलं. १९८५ च्या सुमारास लक्षात आलं, की तिन्ही एकच! उंदराच्या न्यूमध्ये एका अमिनो आम्लाची अदलाबदल झालेली असते, तेवढ्याने तो कायमचा चालू होतो. माणसाच्या स्तनाच्या गाठीत मात्र बहुतेक वेळा हर-टू अगदी शुद्ध असतो, फक्त भरमसाट. परीक्षेला हा फरक कुणी विचारणार नाही, पण मला तो फार आवडला. पार्टमध्ये दोष नाही, क्वांटिटीत आहे.

१९८७ साली लॉस एंजेलिसचे डॉक्टर डेनिस स्लेमन आणि उलरिच यांच्या गटाने १८९ बायकांच्या गाठी तपासल्या. तीसेक टक्के गाठींत हर-टूच्या प्रती वाढलेल्या होत्या, आणि त्या बायकांमध्ये रोग लवकर उलटत होता, मृत्यूही लवकर येत होते. आज स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या गटात धरतात. म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह हा शब्द तेव्हा वाईट बातमीचा होता.

पण ज्या अँटेनाने रोग चालतो तो पेशीच्या बाहेर डोकावतोय, म्हणजे त्याला बाहेरूनच पकडता येईल! आपल्या रक्तात प्रतिपिंडं असतात, ती एकाच आकाराच्या वस्तूला कुलूपकिल्लीसारखी चिकटतात. हर-टूला चिकटणारं प्रतिपिंड उंदरात तयार केलं. पण उंदराचं प्रथिन माणसाला टोचलं, तर शरीर त्यालाच परकं समजून हल्ला करतं. म्हणून १९९२ साली जेनेनटेकमध्ये पॉल कार्टर आणि सहकाऱ्यांनी सांगाडा माणसाच्या प्रतिपिंडाचा ठेवून फक्त चिकटणारी टोकं उंदराची बसवली. हेच ट्रास्टुझुमॅब. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते अँटेनाच्या बुडाशी, पडद्यालगत चिकटतं. त्यामुळे सिग्नल मंदावतो, आणि शिवाय त्या पेशीवर जणू खूण होते, ती पाहून शरीरातल्या रक्षक पेशी येऊन तिला मारतात. २००१ साली ४६९ बायकांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. रोग शरीरात पसरलेल्या बायकांमध्ये नुसत्या केमोने सरासरी आयुष्य २०.३ महिने, औषध जोडल्यावर २५.१ महिने. आकडा लहान वाटेल. पण २००५ साली सुरुवातीच्या टप्प्यातल्या, ऑपरेशन झालेल्या बायकांचे निकाल आले, तेव्हा रोग उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. तेव्हापासून ज्या गाठीला पूर्वी सगळ्यात वाईट समजत, तिच्यासाठी हुकमी औषध आहे.

म्हणूनच मावशीच्या रिपोर्टमधली तिसरी ओळ बाकी दोन ओळींपेक्षा महत्त्वाची होती. हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही. ती चांगली बातमी नव्हेच, एक दार बंद झाल्याची बातमी आहे. मग उरलं हर-टूचं दार. ते उघडं आहे की नाही हे २ प्लसवरून कळत नाही. गाठीच्या कापावर हर-टू दाखवणारा रंग टाकतात. रंग चढलाच नाही तर ०, अंधुक चढला तर १ प्लस, दहा टक्क्यांहून जास्त पेशींना सगळीकडून गडद कडा दिसली तर ३ प्लस. मधलं ते २ प्लस. म्हणजे आपल्या डिजिटलच्या भाषेत, लॉजिक झिरोही नाही आणि वनही नाही, मधल्या बेवारस पट्ट्यातलं व्होल्टेज.

तिथे फिश चाचणी लागते. ही मासे नव्हेत! यात प्रथिन न मोजता थेट जनुकच मोजतात. हर-टूच्या जनुकाला लाल चमकणारा ठिपका लावतात, आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्याला हिरवा. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतले ठिपके मोजायचे. नुसते लाल मोजून भागत नाही, कारण कधी अख्खं गुणसूत्रच जास्त असतं. म्हणून लाल भागिले हिरवे, हे गुणोत्तर काढतात. आपण नॉर्मलाइज करतो तेच. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे लाल ठिपके सरासरी ४ किंवा जास्त, तर पॉझिटिव्ह.

ताईने हे सगळं सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये काकांना फोन केला. "काका, सुई नाही टोचणार. काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेली असते, त्यातलाच काप घेणार." काका म्हणाले, "आणि निगेटिव्ह आलं तर पैसे वाया." मी म्हटलं, "वाया नाही. मग ते लाखभराचं औषध उगाच देणार नाहीत, ते तरी वाचेल." हा मुद्दा त्यांना पटला. बाकीच्या व्याख्यानाचा काही उपयोग झाला असं मला वाटत नाही. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. लाल सरासरी ९.२, हिरवे २.०, गुणोत्तर ४.६. पॉझिटिव्ह.

त्या रात्री आईने फोनवर हळूच विचारलं, "हे तुझ्यामाझ्यातही असेल का गं?" प्रश्न रास्त होता, मलाही तीच भीती होती. तर हर-टूच्या प्रती वाढणं हे फक्त त्या गाठीच्या पेशींमध्ये, आयुष्यात नंतर घडलेलं असतं. ते आईकडून मुलीकडे येत नाही. घराण्यातून येऊ शकतात ते बीआरसीए वगैरे जनुकांतले दोष, ते प्रकरण वेगळं. घरात दोघींतिघींना किंवा फार तरुणपणी झाला असेल, तर त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

औषधाच्या किमतीबद्दल थोडं. हे गोळीसारखं रसायन नाही. चिनी हॅमस्टरच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून हे प्रथिन बनवून घेतात, म्हणून महाग. हुबेहूब नक्कल करता येत नाही, म्हणून दुसऱ्या कंपन्यांच्या औषधाला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात. २०१४ साली बंगळूरच्या बायोकॉनने मायलनबरोबर आपलं बायोसिमिलर भारतात विकायला आणलं, आणि २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेने मान्य केलेलं पहिलं ट्रास्टुझुमॅब बायोसिमिलरही याच दोन कंपन्यांचं. प्रोसेस कंट्रोलचा तास ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्या केमिकलच्या मित्रांनी लक्षात घ्यावं, तापमान आणि पीएच इकडचं तिकडे झालं तर प्रथिनाचा पोत बदलतो. काकांनी पीएफमधून पैसे काढले. बायोसिमिलर नसतं तर तेवढ्याने भागलं नसतं.

आधी केमोचे चार डोस झाले. त्यात ते लाल औषध, ज्याने मावशीचे केस गेले. मग हर-टूचं औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून, वर्षभर. तेव्हा मी सुट्टीत तिच्याकडे गेले होते. अँटेनाची गोष्ट मी तिला चिवडा निवडता निवडता सांगितली. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "मग माझ्या चांगल्या पेशींचे अँटेनाही झाकले जात असतील की!"

मी गप्प. आठवी शिकलेल्या बाईने सरळ त्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. १९९५ चे ते उंदीर आठवा. हृदयाच्या स्नायूंना मोठेपणीही हर-टूचा "मरू नकोस" हा निरोप लागतो, ताण आला की जास्तच. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयाला ताण देतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याचा आधार काढून घेतो. २००१ च्या त्याच चाचणीत हे अनपेक्षितपणे उघड झालं. त्या गटातली औषधं आणि ट्रास्टुझुमॅब एकाच वेळी दिलेल्यांपैकी २७ टक्के बायकांच्या हृदयावर परिणाम झाला, नुसत्या केमोवर तो ८ टक्के होता. म्हणून आता दोन्ही एकदम देत नाहीत, एकामागून एक देतात, आणि दर तीन महिन्यांनी टू-डी इको करतात. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन पाहतात. डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, तो आकडा. एक प्रकारे पंपाची डिलिव्हरीच म्हणा, मेकॅनिकलवाल्यांसाठी.

मावशीचा सुरुवातीचा आकडा ६२ होता. सहाव्या डोसनंतर तो ४८ आला. दम लागत नव्हता, पाय सुजले नव्हते, तिला काहीच जाणवत नव्हतं. खरं तर त्या वेळचा इको काका पुढे ढकलणार होते, "बरी आहे की ती" म्हणून. मावशीनेच हट्ट धरला, "त्या अँटेनाचं बघून या आधी." डॉक्टरांनी डोस थांबवला, हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या. ते सहा आठवडे घरात फार वाईट गेले. औषध थांबलं म्हणजे गाठ परत येणार, आणि दिलं तर हृदय जाणार, अशी सगळ्यांची समजूत. लाल औषधाने झालेली इजा बऱ्याचदा कायमची असते. पण ट्रास्टुझुमॅबने आलेला मंदपणा औषध थांबवल्यावर बहुतेकांत भरून येतो, कारण पेशी मेलेल्या नसतात, त्यांचा फक्त निरोप तुटलेला असतो. हे मी वाचलं होतं, पण फोनवर ठामपणे सांगायची हिंमत झाली नाही. सहा आठवड्यांनी इको ५६ आला, आणि सातवा डोस मिळाला.

दरम्यान हे क्षेत्र पुढे गेलंय. पेर्टुझुमॅब नावाचं दुसरं प्रतिपिंड हर-टूचा तो पुढे केलेला हातच झाकतं, त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. २०१३ साली प्रतिपिंडाला केमोचं विष बांधून पाठवायची युक्ती बाजारात आली, म्हणजे अँटेना आता नुसता बंद करायचा नाही, तर पार्सल पोचवायचा पत्ता म्हणून वापरायचा. २०१९ साली तशाच प्रकारचं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन आलं. २०२२ साली दिसून आलं, की रोग पसरलेल्या ज्या बायकांचा स्कोअर १ प्लस किंवा फिश निगेटिव्ह २ प्लस असतो, त्यांनाही ते उपयोगी पडतं. पत्ता पुसट असला तरी पार्सल पोचतं! जठराच्या काही कर्करोगांतही हर-टू वाढलेला असतो, आणि तिथेही ट्रास्टुझुमॅब वापरतात.

मावशीचे चौदा डोस झालेत. केस आलेत, कुरळे आलेत, त्यावरून काका चिडवतात. पुढचा इको आमच्या एंड सेमच्या पहिल्या पेपरच्या दिवशी आहे. आकडा मेसेज करायचा, फोन करायचा नाही, असं आमचं ठरलंय.